गरीसाठी शिशाची वजनं घरीच ओतायची असतील तर

खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, गरवायला जाणाऱ्या कुणालाही विचारा, रॉड आणि रीलचे पैसे एकदाच जातात पण शिशाचे पैसे सारखे जात राहतात. गरी कालवांच्या खाचेत अडकली की लाईन तुटते आणि १०० ग्रॅमचं वजन तिथंच राहतं, भरतीला करंट जोरात असेल तर एका संध्याकाळी तीन-चार वजनं सहज जातात. तांबोशी नाहीतर गोबरा मासा हवा असेल तर दगडांतच टाकावं लागतं आणि दगडांत टाकलं की शिसं जाणार, त्याला इलाज नाही. म्हणून बरेच जण भंगारातलं शिसं आणून घरीच वजनं ओततात, आणि पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, विणणाऱ्यांत तर घेराचं शिसं स्वतः करायची पद्धत जुनीच आहे. काम अवघड अजिबात नाही. पण नवीन माणूस व्हिडिओ बघून थेट गॅस पेटवतो आणि ज्या दोन गोष्टींनी खरा धोका होतो, म्हणजे ओल आणि धूळ, त्यांच्याबद्दल त्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, आणि माझी विनंती आहे की पूर्ण वाचल्याशिवाय शेगडी पेटवू नका.

आधी हे ठरवा की तुम्ही हे करावं का

घरात सहा वर्षांखालचं मूल असेल किंवा कुणी गरोदर असेल आणि तुमच्याकडे घरापासून वेगळी उघडी जागा नसेल तर हे करू नका, तयार वजनं विकत घ्या. हे मी भीती घालायला सांगत नाही. मोठ्या माणसाच्या पोटात शिसं गेलं तर त्यातलं साधारण १० टक्के अंगात शोषलं जातं, लहान मुलाच्या बाबतीत हेच प्रमाण ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जातं आणि त्याचा परिणाम थेट मेंदूच्या वाढीवर होतो, जो नंतर औषधाने भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते की शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्मं होतं पण हाडात बसलेलं दशकानुदशकं राहतं.

लोकांना वाटतं धोका वाफेचा आहे. शिसं ३२७ अंशाला वितळतं आणि उकळतं १७४९ अंशाला, म्हणजे आपण ४०० च्या आसपास काम करतो तेव्हा शिशाची वाफ फारच थोडी असते, तापमान ५०० च्या वर जायला लागलं की मात्र ती वाढत जाते. खरं शिसं अंगात जातं ते वितळलेल्या शिशावर जमणाऱ्या राखाडी मळीच्या पुडीतून, हाताला लागलेल्या काळेपणातून, त्याच हाताने खाल्लेल्या वड्यातून, त्याच हाताने ओढलेल्या सिगरेटमधून, आणि बुटाच्या तळव्याला चिकटून घरात आलेल्या धुळीतून. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची सगळी काळजी आपोआप कळते.

पैशाचं पण बोलू, कारण त्यासाठीच तर करायचं. एक किलो स्वच्छ शिशात १०० ग्रॅमची जवळपास नऊ-साडेनऊ वजनं होतात, बाकी मळीत आणि सांडण्यात जातं. तुमच्या गावात भंगाराचा भाव काय आणि दुकानात १०० ग्रॅमचं तयार वजन (सिंकर) कितीला, हे दोन आकडे विचारून या आणि वर्षाला किती वजनं हरवता त्याने गुणा. त्यातून भांडं, बर्नर, हातमोजे, मास्क, साचा यांचा खर्च वजा करा. वर्षाला पाच-दहा वजनं जाणाऱ्याला यात काहीच वाचत नाही. दर रविवारी खडपावर असणाऱ्याला नक्की वाचतं, आणि चार-पाच मित्रांनी मिळून एकच सेट घेतला आणि पावसाळ्याआधी एकदा बसून सगळ्यांचं ओतलं तर फारच परवडतं.

आणि ओतण्यापेक्षाही जास्त वाचवणारी एक गोष्ट आहे जी फुकट आहे. वजन मेन लाईनला थेट बांधू नका, मेन लाईन २० किलो ताण सोसणारी असेल तर वजन ५-६ किलोच्या जुन्या स्वस्त लाईनच्या तुकड्याने बांधा. अडकलं की तेवढाच तुकडा तुटतो, गरी आणि मासा वर येतो, आणि समुद्रात नायलॉनही कमी राहतं. फक्त जोरात फेकताना तो तुकडा तुटून वजन उडू शकतं, म्हणून मागे-पुढे कुणी असेल तर असं बांधून पूर्ण ताकदीने फेकू नका. शिवाय जिथं शंभर टक्के अडकणारच अशी जागा असेल तिथं शिसं घालवायचं कशाला, १२ मिमीची लोखंडी सळी मीटरला ०.८८८ किलो भरते म्हणजे साडेअकरा सेंमीचा तुकडा कापला की १०० ग्रॅम झालं. जरा लांबट होतं पण समुद्रात शिसं तरी पडत नाही.

शिसं कुठून आणायचं आणि कुठलं आणायचं नाही

सगळ्यात चांगलं म्हणजे मऊ शुद्ध शिसं, जुन्या केबलवरचं आवरण, जुन्या वाड्यातले पाण्याचे पाईप, गच्चीच्या सांध्यात घातलेला पत्रा. नखाने ओरखडा सहज उठला आणि आत चकचकीत दिसलं की समजा मऊ आहे. गरीच्या वजनाला कडकपणा लागत नाही, उलट मऊ शिसं साच्यात छान भरतं आणि दगडावर आपटून तुटत नाही.

दुसरं म्हणजे टायरवाल्याकडची बॅलन्सिंगची वजनं. पंक्चरवाला बादलीभर देतो पण आता त्यात सगळंच शिसं नसतं, जस्त आणि लोखंड दोन्ही येतं आणि हे निवडायला कंटाळा करायचा नाही. बऱ्याच वजनांवर इंग्रजीत पीबी, झेडएन किंवा एफई असं कोरलेलं असतं, पीबी म्हणजे शिसं, झेडएन म्हणजे जस्त आणि एफई म्हणजे लोखंड. ज्यावर काहीच नाही त्याला आधी चुंबक लावा, चिकटलं तर लोखंड, पण क्लिप लोखंडी असते म्हणून वजनाच्या अंगाला लावून बघा. मग कटर-पक्कडने चिमटा काढा, शिशात पातं लोण्यात गेल्यासारखं जातं आणि जस्तावर नुसती खूण उठते. जस्त खाली टाकलं तर खणखणतं, शिशाचा आवाज बद्द येतो. एवढं का, तर जस्त ४१९ अंशाला वितळतं आणि एकदा ते शिशात मिसळलं की सगळा घाणा पिठल्यासारखा जाड होतो, साच्यात भरतच नाही, आणि घरच्या साधनांनी ते परत वेगळं काढणं जवळपास अशक्य. क्लिपा, माती, तेल धरून या वजनांतला पाचवा-सहावा हिस्सा वाया जातो, म्हणून भाव करताना तेवढं धरूनच करा.

आता नको ते. बॅटरी अजिबात नको. गाडीची जुनी बॅटरी फोडून प्लेटा वितळवणारे लोक आहेत, पण त्यात सल्फ्युरिक अ‍ॅसिड असतं, प्लेटांची पेस्ट म्हणजे शिशाची बारीक पूडच असते, आणि प्लेटांमध्ये मिसळलेल्या अँटिमनी-आर्सेनिकमुळे तिच्या मळीला ओल लागली की अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो. शिवाय २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांप्रमाणे जुनी बॅटरी नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवी. ती दुकानात परत द्या, पैसे मिळतात.

आणि भंगारात जाड शिशाचा डबा, पेटी, सिलिंडर असं काही दिसलं, त्यावर किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह असो वा नसो, हात लावू नका. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात हेच झालं, विद्यापीठातून लिलावात गेलेल्या एका यंत्रातलं कोबाल्ट-६० उघडं पडलं, कामगार गंभीर आजारी पडले आणि एकाचा जीव गेला. शिसं जाड असतं तिथं ते कशाला तरी अडवायला लावलेलं असतं.

सामान

भांडं लोखंडी किंवा स्टीलचं, जाड बुडाचं, आणि बूड सपाट हवं. लोखंडी कढई चालते पण गोल बुडाची डुगडुगते, ती तीन विटांवर किंवा रिंगवर पक्की बसवावी लागेल. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको, ते ६६० ला वितळत असलं तरी त्याच्या खूप आधीच नरम पडतं आणि वर पाच किलो द्रव शिसं असताना बूड गेलं तर काय होईल ते सांगायला नको. पहिल्यांदा तीन-चार किलोच घ्या. शिसं पाण्याच्या अकरापट जड असतं, त्यामुळे अर्धा लिटरचं भांडं भरलं तरी साडेपाच किलो होतं आणि स्टँड त्या हिशोबाने हवा.

एक लोखंडी पळी, एक झारा, एक जुना स्टीलचा चमचा. यातलं काहीही परत स्वयंपाकघरात जाणार नाही, घासूनपुसून सुद्धा नाही. लाल रंगाने खूण करा आणि कुलपात ठेवा, कारण तुम्हाला माहीत असलं तरी घरातल्या कुणीतरी पळी चांगली दिसली म्हणून उचलायची.

अंगावर वेल्डिंगचे चामडी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, जीन्स, आणि चामड्याचे बंद बूट ज्यावर जीन्स बाहेरून पडली पाहिजे, म्हणजे शिसं बुटात जाणार नाही. नायलॉन, टेरिकॉट, ट्रॅक पँट अजिबात नाही, ते वितळून कातडीला चिकटतं. चपला-सँडल घालून कुणी जवळ उभं राहू नये. डोळ्याला गॉगल आणि शक्यतो वरून पारदर्शक फेस शील्ड. मास्क कापडी किंवा सर्जिकल उपयोगाचा नाही, अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या पी-१०० फिल्टरचा, नाक-तोंड झाकणारा हाफ मास्क घ्या, तो मळी काढताना आणि शेवटी साफसफाई करताना जास्त कामाचा आहे.

थर्मामीटर असला तर उत्तम, शिशात बुडवायच्या के-टाईप प्रोबवाला घ्या. लांबून लाल ठिपका मारायचं ते इन्फ्रारेड यंत्र इथं फसवतं, चकचकीत शिशावर ते खऱ्यापेक्षा बरंच कमी तापमान दाखवतं आणि तुम्ही आच वाढवत बसता.

जागा आणि दिवस

उघड्यावर, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून. फ्लॅटची गॅलरी नाही, किचन तर नाहीच नाही, आणि विहिरीजवळ, भाजीच्या वाफ्याजवळ, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ नाही. खाली जमिनीवर लोखंडी पत्रा टाका. सिमेंटच्या कोब्यावर शिसं सांडलं तर आतल्या ओलीने कोबा फुटून कपचे उडू शकतात. समुद्राची वाळू पसरू नका, मिठामुळे ती कधीच पूर्ण सुकत नाही.

पावसाळ्यात नाही म्हणजे नाही. कोकणात बरेच जण १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीच्या काळात बोटी वर असतात म्हणून रिकाम्या वेळात असली कामं काढतात आणि नेमका हाच काळ सगळ्यात वाईट. पाण्याचा थेंब वितळलेल्या शिशाच्या वर पडला तर चुर्र करून उडून जातो, पण तोच थेंब ओल्या पळीबरोबर किंवा ओल्या तुकड्याबरोबर पृष्ठभागाच्या खाली गेला तर त्याची क्षणात वाफ होते, वाफेचं आकारमान पाण्याच्या सुमारे १६०० पट, आणि ती बाहेर पडताना भांड्यातलं सगळं शिसं तोंडावर उडवते. एक थेंब पुरतो. शिशाच्या पाईपच्या पोटात अडकलेलं पाणी, टायरच्या वजनाच्या क्लिपखाली साचलेली ओल, सावलीत ठेवलेल्या पळीवर सकाळी धरलेला दमटपणा, घामाने ओला हातमोजा, बाजूला ठेवलेली पाण्याची बाटली, हे सगळं यात आलं. डिसेंबर ते एप्रिल, कोरडं ऊन, सकाळी दहानंतर, अशी वेळ धरा. आणि पाण्याची बादली भाजल्यावर हात बुडवायला हवी म्हणून ठेवायचीच आहे, पण ती दहा-पंधरा पावलं लांब.

साचा

बाजारात अ‍ॅल्युमिनियमचे साचे मिळतात, पिरॅमिड, लांबट, अंड्याच्या आकाराचे, आणि वर्षानुवर्षं टिकतात. ओळखीचा लेथवाला असेल तर तोही करून देईल. पण सुरुवातीला खर्च नको असेल तर लाकडी साचा करा, तो पंचवीस-तीस वजनं काढेपर्यंत टिकतो, मग आतून जळत जातो.

जुन्या सागवानाचे दोन सपाट रंधलेले तुकडे घ्या, मुरलेलं लाकूड हवं, ताजं नको, प्लायवूड तर नकोच कारण त्यातला गोंद जळतो. दोन्ही सी-क्लॅम्पने घट्ट आवळा आणि बरोबर जोडावर वरून १६ मिमी ड्रिलने ४५ मिमी खोल भोक पाडा. म्हणजे दोन्ही तुकड्यांत अर्धा-अर्धा गाळा येतो. हिशोब सोपा आहे, या भोकाचं घनफळ होतं ९ घनसेंमी आणि शिशाची घनता ११.३४, म्हणजे वजन १०० ग्रॅमच्या जरासं वर. ५० ग्रॅम हवं असेल तर १२ मिमी ड्रिल आणि ३९ मिमी खोली. स्वतःच्या मापाने करायचं असेल तर हवे तितके ग्रॅम भागिले ११.३४ केलं की घनसेंमी मिळतात. भोकाचं तोंड थोडं रुंद करा म्हणजे ओतायला सोपं जातं.

कडीसाठी तळातून जोडावरच २.५ मिमीचं आरपार छिद्र पाडा. १.२ मिमी जाडीची स्टेनलेस किंवा पितळी तार दुमडून कडी करा, कडी साच्याच्या खाली बाहेर राहील आणि दोन पाय आतल्या गाळ्यात येतील असं ठेवा, पायांची टोकं बाहेरच्या बाजूला वाकवा म्हणजे शिशातून निसटणार नाहीत. साधी बाइंडिंग वायर खाऱ्या पाण्यात दोन-तीन फेऱ्यांत गंजून तुटते, म्हणून ती वापरू नका.

गोल सिलिंडर वाळूवर लोळतो, त्यामुळे पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, गरवणाऱ्यांनी गार झाल्यावर लाकडावर ठेवून हातोड्याने दोन बाजू जरा चपट्या कराव्यात, मऊ शिसं सहज बसतं. पिरॅमिड वाळूत रुततो, तो पुळणीला सगळ्यात चांगला आणि खडपावर सगळ्यात वाईट.

प्लास्टर ऑफ पॅरिसचे साचे दिसतात सगळीकडे, पण नवीन माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. वरून ते कोरडं ठणठणीत वाटतं, आत मात्र पाणी रासायनिक रूपात बांधलेलं असतं आणि शिशाच्या उष्णतेने तेच सुटतं. ओल्या मातीचा, ओल्या वाळूचा साचा याच कारणासाठी नाही.

पहिला दिवस फक्त साफसफाईचा

मला विचाराल तर भंगार वितळवणं आणि वजनं ओतणं एकाच दिवशी करू नये. पहिल्या दिवशी घाण काढून स्वच्छ वड्या पाडायच्या, दुसऱ्या दिवशी त्याच वड्यांतून ओतायचं. घाणीचा दिवस वेगळा ठेवला की दुसरा दिवस फार शांतपणे जातो.

शिसं दोन दिवस कडक उन्हात सुकवा, पाईपचे तुकडे उभे चिरून उघडे करा. सगळं थंड शिसं थंड भांड्यात भरा आणि मग आच लावा, म्हणजे राहिलेली ओल शिसं वितळायच्या आधीच निघून जाते. वितळायला लागलं की अजिबात घाई करायची नाही. तापमान ३७० च्या आसपास ठेवा, ४०० पार करू नका, कारण नजर चुकवून आलेलं जस्ताचं वजन या तापमानाला न वितळता वर तरंगतं आणि झाऱ्याने उचलता येतं. लोखंडी क्लिपा पण वरच येतात, त्या काढून कोरड्या लोखंडी डब्यात टाका. वितळलेल्या भांड्यात बाहेरचा थंड तुकडा थेट टाकायचा नाही, पुढचा लॉट पूर्ण गार झालेल्या भांड्यातच भरा.

मग मेणबत्तीचा वाटाण्याएवढा तुकडा टाका. धूर येईल, लांब लायटरने तो पेटवा म्हणजे धूर जळून जातो, आणि कोरड्या लाकडी काठीने कडा आणि बूड खरवडत ढवळा. वर आलेल्या राखाडी थरात चांगलं शिसं पण अडकलेलं असतं, मेणाने ते परत खाली जातं आणि नुसती काळी भुकटी वर राहते. ती हलक्या हाताने काढून झाकणाच्या डब्यात घाला, फुंकर मारू नका, आपटू नका. याच भुकटीत सगळ्यात जास्त विष आहे. शिसं आरशासारखं दिसायला लागलं की जुन्या स्टीलच्या वाट्यांत अर्ध्यापर्यंत ओतून वड्या पाडा, वाट्या आधी शेगडीजवळ गरम करून घ्या. स्टीलला शिसं चिकटत नाही, गार झाल्यावर उपडं केलं की वडी निघते. कल्हईच्या भांड्यात मात्र ओतू नका, कल्हई म्हणजे कथील, ती शिशाबरोबर डाख लावल्यासारखी चिकटते.

ओतण्याचा दिवस

वड्या भांड्यात घालून वितळवा, ३८० ते ४२० अंश धरा. थर्मामीटर नसेल तर कोऱ्या कागदाची पट्टी बुडवून बघा, ती हळूहळू तपकिरी होत गेली तर ठीक, लगेच काळी पडून पेटली तर खूप तापलंय. पळी भांड्याच्या कडेवर टेकवून आधी गरम करा, मगच बुडवा, प्रत्येक वेळी. चहाच्या ब्रेकनंतर परत आलात तरी पहिल्यापासून.

साच्याच्या आतून मेणबत्तीची काजळी धरा, त्याने शिसं सुटून येतं. धातूचा साचा आधी गरम करून घ्या, लाकडी साचा पहिल्या ओतण्याच्या वेळी बुडबुडे काढतो, फुसफुसतो, म्हणून पहिली दोन-तीन वजनं चेहरा लांब ठेवून थोडं थोडं शिसं घालून काढा, ती खराबच येतात आणि पुढच्या लॉटला गार भांड्यात परत जातात. क्लॅम्प घट्ट आहे बघा. मग पळी तोंडाशी आणून एकाच धारेने, न थांबता, काठापर्यंत भरा आणि वर थोडा फुगवटा राहू द्या, कारण गार होताना शिसं आकसतं आणि वरून खाली बसतं. चमक जाऊन पृष्ठभाग एकदम मळकट झाला की ते घट्ट झालं, तरी अजून अर्धा मिनिट थांबा आणि मगच उघडा. कोरड्या फळीवर पाडा. दिसायला गार झालेलं वजन अजून शंभर-दीडशे अंशाला असतं, ते हाताने उचलू नका आणि पाण्यात बुडवून गार करायची तर गरजच नाही.

वजनाच्या अंगावर सुरकुत्या आल्या तर साचा थंड होता किंवा शिसं, चार-पाच वजनं भरभर ओतली की आपोआप सुधारतं. खडबडीत पांढरट दाणेदार अंग आलं तर जास्त तापलंय, आच कमी करा. कडेला पातळ पत्रा सुटला तर साचा नीट आवळलेला नाही. कोपरे भरले नाहीत तर आत हवा अडकते आहे, जोडाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक रेषा ओढून हवेला वाट करून द्या. आणि सगळं करूनही शिसं जाडसर, गुठळ्या-गुठळ्यांचं वाटत असेल तर जस्त गेलंय, तो लॉट बाजूला काढून भंगारवाल्याला जस्त मिसळलंय असं सांगून द्या.

काम चालू असताना खाणं, पिणं, तंबाखू, फोन काही नाही. फोन मी मुद्दाम लिहितोय कारण तो नंतर मुलांच्या हातात जातो.

ओतून झाल्यावर

भांड्यात तळाला थोडं शिसं राहिलं तर वडी पाडा किंवा तसंच गोठू द्या, हलवू नका. वजनाचा सुटलेला पत्रा चाकूने कापा, सँडपेपर आणि ग्राइंडर नको, त्याने धूळ होते. मग प्रत्येक वजन ऑइल पेंटमध्ये दोनदा बुडवून वाळवा. समुद्रात दगडावर घासून रंग जातोच, पण पिशवीतून काढताना, बांधताना हात शिशाला लागत नाही. मधे चीर असलेल्या छर्ऱ्याची बारीक वजनं लाईनवर दाताने दाबायची सवय असेल तर ती आजच सोडा, पक्कड वापरा. आणि अगदी छोटी वजनं ओतूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रिटनमध्ये हंस खडे समजून ती गिळत आणि मरत, म्हणून तिथं १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आहे. आपल्या खाडीत, तळ्यात बदकं-बगळे तेच पाणी ढवळत असतात. खाडीतल्या काळुंदर माशासाठी लागणारी हलकी वजनं लोखंडी नटची करा, तिथं करंट नसतो, काहीच अडत नाही.

जागा झाडू मारून साफ करायची नाही, धूळ उडते. ओल्या फडक्याने पत्रा पुसून घ्या, फडकं पिशवीत बांधून टाका, पण भांडं पूर्ण गार झाल्यावरच, ओलं फडकं गरम शिशाजवळ नको. बूट बाहेर. कपडे तिथंच उतरवून वेगळे धुवायचे, बाळाच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये नाही. हात आणि तोंड आधी थंड पाण्याने साबण लावून, नखांत ब्रश घालून, मग आंघोळ, आणि त्यानंतरच मुलांना जवळ घ्या. वर्षातून दोन-तीनदा तरी ओतत असाल तर एकदा रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या, मोठ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे, तेवढं आलं तर ओतणं थांबवून डॉक्टरांना दाखवा आणि घरातल्या मुलांचीही तपासणी करा.

राहिली मळी. ती उकिरड्यावर, माडाच्या आळ्यात किंवा समुद्रात टाकायची नाही. घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात साठवा, वर ठळक अक्षरात शिशाची मळी, विषारी असं लिहा, आणि डबा भरला की शिशाचं भंगार घेणाऱ्याला तसाच बंद द्या, त्यातही शिसं बरंच असतं त्यामुळे तो घेतो.